बाळंतिणीचं रक्त मोजायला लागलो तेव्हा

बाळंतपणानंतर अंगावरून किती गेलं हे लिहायला प्रसूतीच्या रजिस्टरमध्ये एक रकाना असतो. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी लेबर रूमची इन्चार्ज सिस्टर आहे. इथं येण्याआधी बदलीच्या निमित्तानं जिथं जिथं काम केलं, तिथं तिथं हा रकाना मी बघितला आहे. बहुतेक ओळींवर ‘नॉर्मल’. अधूनमधून ‘१५० मिली’, ‘२०० मिली’. हे आकडे मोजलेले नसतात. चादरीवरचा डाग, भिजलेले पॅड, कॉटखालची बादली आणि बाळंतिणीचा चेहरा बघून ते लिहिले जातात. हातात मापच नसेल तर दुसरं काय लिहिणार?

पण या रकान्यावर बाईचा जीव अवलंबून असतो. दिवस भरलेल्या गर्भपिशवीतून मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास रक्त फिरत असतं. वार पडली की पिशवीनं आवळून घट्ट व्हायचं, तेव्हा उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्त थांबतं. पिशवी ढिली राहिली तर चालतीबोलती बाई तास-दोन तासांत हातची जाते. अंगावरून ५०० मिलीच्या वर गेलं की आम्ही त्याला पीपीएच म्हणतो. जगात दर वर्षी सुमारे १ कोटी ४० लाख बायकांना हे होतं आणि त्यातले जवळजवळ सगळे मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात.

औषधं नाहीत म्हणून हे होतं असं नाही. गर्भपिशवी आवळायला लावणाऱ्या ऑक्सिटोसिनवरच्या कामाला १९५५ सालीच नोबेल मिळालं. रक्त थांबवणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड जपानमधल्या उताको आणि शोसुके ओकामोटो या नवरा-बायकोनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शोधलं. उताकोबाईंच्या डोळ्यांपुढे तेव्हाही बाळंतपणात रक्तस्रावानं जाणाऱ्या बायकाच होत्या. पण त्यासाठी हे औषध वापरून बघा म्हणून त्यांनी सांगितलं तर तिथले डॉक्टर तयार झाले नाहीत. शेवटी २१ देशांतल्या २०,०६० बायकांवर त्याची चाचणी झाली आणि २०१७ साली निकाल आला: तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू कमी होतात. उताकोबाई त्याच्या आदल्या वर्षी, ९८ व्या वर्षी वारल्या होत्या. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बराच वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं. औषध सापडल्यापासून ते बाईच्या शिरेत जाईपर्यंत माणसाचं सगळं आयुष्य निघून जावं, हे मला आजही पटत नाही.

आमच्याकडे या सगळ्याला सुरुवात झाली ती मेडिकल ऑफिसर मॅडममुळे. मॅडम तरुण, वाचणाऱ्या. २०२३ च्या मे महिन्यात आलेला एक शोधनिबंध त्यांनी छापून आणला आणि ड्यूटी रूममध्ये आम्हाला बसवून मराठीत समजावून सांगितला. अभ्यासाचं नाव ई-मोटिव्ह. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतली ८० रुग्णालयं, दोन लाखांच्या वर बाळंतपणं. अर्ध्या रुग्णालयांत नेहमीचं काम चालू ठेवलं. उरलेल्या ठिकाणी दोनच गोष्टी बदलल्या. बाळ झालं की बाईच्या खाली मिलीच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी लावायची आणि रक्त मोजायचं. आणि रक्त ठरलेल्या रेघेवर आलं की पोटावरून गर्भपिशवी चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी हे सगळं एकदम सुरू करायचं. एक करून बघू, नाही थांबलं तर दुसरं, असं करायचं नाही. निकाल असा की १००० मिलीच्या वर रक्त जाणं, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून नेहमीच्या ठिकाणी ४.३ टक्के होतं आणि बदल केलेल्या ठिकाणी १.६ टक्के. नवीन औषध एकही नव्हतं.

मला सगळ्यांत जास्त लागलं ते दुसऱ्या एका आकड्यानं. नेहमीच्या पद्धतीत ज्यांना पीपीएच झालं त्यांतल्या निम्म्याच बायकांचं ते लक्षात आलं होतं. मोजणाऱ्या ठिकाणी १०० तल्या ९३ जणींचं लक्षात आलं. म्हणजे तिथल्या कपाटात औषध होतं, हात शिकलेले होते, सिस्टर उभी होती आणि तरी निम्म्या बायकांचं रक्त कुणाला दिसलंच नव्हतं.

आमच्यातली एक सिस्टर म्हणाली, “मॅडम, हे आफ्रिकेतलं. आपल्याकडचं कुठं काय?” यावर मॅडमनी जे सांगितलं ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. रक्त मोजायची ही पिशवी, जिला ड्रेप म्हणतात, तिची वाट आफ्रिकेतून आलेली नाही. ती आपल्या शेजारच्या बेळगावातून गेलेली आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर २००२ ते २००५ या काळात एक चाचणी केली होती. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १,६२० बायका. चाचणी राबवणाऱ्या एएनएम, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सबाई, आपल्यासारख्याच. निम्म्या बायकांना बाळंत झाल्यावर गर्भपिशवी आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. आणि रक्त किती गेलं हे नीट कळावं म्हणून मिलीच्या खुणांचा हा स्वस्त ड्रेप त्याच कामासाठी तयार केला. पीपीएचचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ साली ते लंडनच्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी मिसोप्रोस्टॉल अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. ड्रेपची तुलना नजरेच्या अंदाजाशीही तिथंच झाली. नजरेचा अंदाज ड्रेपच्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाला.

बेळगाव आमच्यापासून हायवेनं काही तासांच्या अंतरावर. आमच्या कितीतरी सिस्टरांची माहेरं तिकडं आहेत. आपल्या बहिणींसारख्या बायकांनी ज्याच्यासाठी आपलं अंग दिलं, त्या चाचणीचं उत्तर लंडनला गेलं, जिनिव्हाला गेलं, नायजेरियाला गेलं आणि आमच्या लेबर रूमपर्यंत यायला इतकी वर्षं लागली. त्या दिवसापासून ‘हे बाहेरचं’ असं आमच्यात कुणी म्हणालं नाही.

मात्र ऐकून पटणं वेगळं आणि डोळ्यांना पटणं वेगळं. मॅडमनी एका दुपारी ओपीडी संपल्यावर पाण्यात खायचा लाल रंग आणि थोडं कॉर्नफ्लॉवर घालून दाटसर रक्त तयार केलं. मोजून मोजून ते जुन्या सुती साडीवर, पॅडवर, किडनी ट्रेमध्ये आणि फरशीवर ओतलं. आम्ही एकेक करून आत जायचं आणि चिठ्ठीवर अंदाज लिहायचा. मी पंधरा वर्षांच्या वर हे काम करते आहे, माझ्या हाताखालून शेकड्यांनी बाळंतपणं गेलेली. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा एक गोष्ट सगळ्यांचीच सारखी निघाली. ट्रेमधलं रक्त ओळखता येत होतं, पण साडीनं प्यायलेलं रक्त नव्या-जुन्या कुणालाच ओळखता आलं नव्हतं. जितकं जास्त ओतलं होतं तितका अंदाज जास्त खाली. आमच्या मावशी दाराशी उभ्या राहून बघत होत्या. त्या म्हणाल्या, “म्हशीचं दूध डेअरीत मापानं घालतोय, फॅट कमी लागली तर तिथंच भांडतोय. आन बाळंतिणीचं रगात तेवढं अंदाजपंचे व्हय?” कोल्हापुरात याच्यापेक्षा सोपं करून कुणाला सांगता येणार नाही. पुढं आशांच्या बैठकीत मी हेच वाक्य वापरत आले.

ड्रेप आणायचा कुठून, हा पुढचा प्रश्न. नेहमीच्या पुरवठ्याच्या यादीत तो नाही. मग रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून घ्यायचा, तर त्याला सभेची मान्यता, तीन दरपत्रकं, तुलनातक्ता, पुरवठा आदेश. वस्तू कापडी पडद्यापेक्षा साधी, पण दुकानदारांना नाव माहीत नाही, त्यामुळे दरपत्रक मागितलं की ऑपरेशनच्या चादरींचे दर येत. बराच काळ यातच गेला. तोवर मॅडमनी वजनाचा मार्ग काढला. कोरा पॅड आणि कोरी चादर वजन करून ठेवायची, भिजल्यावर बाळाच्या वजनकाट्यावर पुन्हा वजन करायचं, वजाबाकी करायची. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. किचकट काम आहे आणि रक्त जाऊन झाल्यावर कळतं, जाताना नाही. पण त्या काळात आम्हाला मोजायची सवय लागली.

ड्रेप आल्यावर लक्षात आलं की तो लावणंही शिकावं लागतं. लवकर लावला तर गर्भजल त्यात जमा होतं आणि माप चुकतं, म्हणून बाळ बाहेर आलं, पाणी निथळलं, की मग कमरेखाली सरकवायचा. कॉटचा डोक्याकडचा भाग थोडा उचलायचा, नाहीतर रक्त पाठीकडं जातं. आमच्या जुन्या कॉटला ती सोय नव्हती, तर मावशींनी कॉटच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे बसवून घेतले. टाके घालताना वापरलेले गॉज त्यातच टाकले की खालची रेघ दिसत नाही, त्यांना वेगळा ट्रे. पहिला तासभर ड्रेप तसाच ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांनी गर्भपिशवीचा घट्टपणा, नाडी, बीपी आणि ड्रेपवरचा आकडा लिहायचा. एका पाळीत एकच सिस्टर आणि दोन बाळंतपणं असली की हे जमवताना तारांबळ उडते. ती आजही उडते.

मग औषधं. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. लसींचा जो चांगला फ्रिज असतो, आयएलआर, त्यात लसीशिवाय दुसरं काही ठेवायचं नाही असा नियम आहे आणि तो बरोबरच आहे. म्हणजे लेबर रूमला स्वतःचा फ्रिज हवा. तो आहे, पण आमच्याकडचा पाऊस जूनमध्ये सुरू झाला की लाइट किती वेळ असेल याचा भरवसा नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर पुलांवर पाणी, रस्ते बंद, जनरेटरच्या डिझेलची ओढाताण. तेव्हापासून आम्ही आइसपॅक घातलेला डबा पावसाळ्यात तयारच ठेवतो आणि फ्रिजचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहितो. उष्णता सहन करणारं कार्बेटोसिन नावाचं इंजेक्शन आता आहे. १० देशांतल्या २९,६४५ बायकांवर त्याची चाचणी होऊन २०१८ साली निकाल आला, त्या देशांत भारतही होता. डोंगरातल्या आमच्यासारख्या दवाखान्यांना ते हवं आहे, आमच्या कपाटात मात्र अजून आलेलं नाही.

ऑक्सिटोसिनबद्दल नातेवाईकही विचारतात. “म्हशीला पान्हा सोडायला टोचत्यात तेच काय ओ सिस्टर हे?” दुधाचा जिल्हा, त्यामुळे हे नाव गोठ्यात आधी पोचलेलं. जनावरांवरचा हा गैरवापर थांबवायला केंद्र सरकारनं २०१८ साली हे औषध एकाच सरकारी कंपनीनं बनवावं असं ठरवलं होतं. त्यानं बाळंतिणींना औषध मिळणं अवघड होईल हा मुद्दा कोर्टात मांडला गेला आणि डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. बायकांच्या जिवाचं औषध आणि गोठ्यातला गैरवापर यांचा हिशोब एकाच कागदावर मांडला की पहिला फटका बायकांना बसतो, हे मला त्यातून पक्कं कळलं.

ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची अडचण वेगळी. ते होतं, पण मेन स्टोअरला, कुलपात. रात्री किल्ली ज्यांच्याकडं ते क्वार्टरला. आणि ते शिरेतून द्यायचं तर डॉक्टरची ऑर्डर हवी. डॉक्टर येईपर्यंत सिस्टरनं पिशवी चोळत उभं राहायचं. हे औषध द्यायला जितका उशीर तितका फायदा कमी, दर पंधरा मिनिटांना साधारण दहा टक्के. किल्ली शोधण्यात पंधरा मिनिटं सहज जातात.

म्हणून मॅडमनी अधीक्षक साहेबांपुढं एका पानाचा प्रोटोकॉल ठेवला. ड्रेपवर ५०० ची रेघ, किंवा ३०० च्या वर आणि नाडी-बीपी बिघडलेलं, यांपैकी काहीही दिसलं तर ड्यूटीवरच्या सिस्टरनं डॉक्टरना फोन करायचा आणि त्यांची वाट न बघता सगळे उपचार सुरू करायचे. सगळी औषधं एका लाल डब्यात, डबा लेबर रूममध्ये, त्याला कुलूप नाही, रोज सकाळी मोजून सही. साहेब लगेच सही करायला तयार नव्हते. त्यांची बाजू अशी की काही वाईट झालं तर सिस्टरवर येईल. आणि दुसरं म्हणजे, “आपल्याकडं कुठं एवढ्या बायका मरतात? जास्त झालं तर सीपीआरला पाठवतोयच की.” सीपीआर म्हणजे कोल्हापुरातलं मोठं सरकारी रुग्णालय, छत्रपती प्रमिलाराजे.

दुसरी गोष्ट खोटी नाही. २०१८-२० च्या आकडेवारीत महाराष्ट्रात १ लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते, केरळनंतर देशात सर्वांत कमी, आणि देशाचा आकडा ९७ होता. सीपीआरच्या डॉक्टरांनी आमच्याकडून गेलेल्या किती बायका वाचवल्या आहेत हे मी स्वतः बघितलं आहे. पण न मेलेल्या बायकांचं काय होतं ते त्या आकड्यात येत नाही. पावसात १०८ मध्ये घाटवळणांनी नेलेली, चार-पाच बाटल्या रक्त चढवलेली, गर्भपिशवी काढावी लागलेली चोवीस वर्षांची बाई जिवंत म्हणूनच मोजली जाते. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, पाहणीत हा आकडा ५४.२ टक्के आला होता. अशा बाईला ५०० मिली म्हणजे काय, हे नंतर वर्षभर तिला धाप लागते तेव्हा कळतं. मी साहेबांना एवढंच म्हणाले की सिस्टरवर यायचं ते आजही येतंच, सही असेल तर तिच्या हातात निदान काहीतरी करायची ताकद असेल. साहेबांनी विचार करायला वेळ घेतला आणि सही केली. त्या सहीचं मोल मला ड्रेपपेक्षाही जास्त वाटतं.

एका रात्रीचं सांगते. ऊसतोडीचा हंगाम, कडाक्याची थंडी. टोळीतली एक बाई रात्री ट्रॅक्टरनं आली, बीडकडची, तिसरी खेप. हिमोग्लोबिन ७.८. नावनोंदणीचं कार्ड गावाकडंच राहिलेलं. पहाटे मुलगी झाली, रडली. मांडीत ऑक्सिटोसिनचे दोन ॲम्प्यूल दिले, वार पूर्ण पडली. ड्यूटीवर आमची कंत्राटी सिस्टर, नोकरीला लागून फार दिवस झालेले नाहीत. तिनं ड्रेप सरकवला. मी बाळाला पुसत होते. सुरुवातीला ड्रेपच्या टोकाला जेमतेम रक्त. बाई बोलत होती, मुलगी कुणासारखी झाली ते नणंदेला विचारत होती. कुणी बघितलं असतं तर नॉर्मलच म्हटलं असतं. मग ती धार. फार मोठी नाही, फक्त थांबत नव्हती. सिस्टर वाकून आकडा बघत होती आणि एकदम मोठ्यानं म्हणाली, “तीनशेच्या वर. नाडी एकशे सोळा.” बीपी १०० वर ६०. तिनं माझ्याकडं परवानगीसाठी बघितलंसुद्धा नाही. एक हात बाईच्या पोटावर, दुसऱ्यानं लाल डबा ओढला. मावशींनी डॉक्टरना फोन लावून फोन तिच्या कानाशी धरला. मी दुसरी शीर घेतली, रिंगर लॅक्टेटच्या सलाईनमध्ये २० युनिट ऑक्सिटोसिन. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचे ५०० चे दोन ॲम्प्यूल, घड्याळ बघत दहा मिनिटांत हळूहळू. लघवीची पिशवी रिकामी केली, कुठं फाटलंय का बघितलं, फाटलेलं नव्हतं. पोटावरच्या हाताखाली पिशवी कधी आवळायची, कधी पुन्हा सैल पडायची. मॅडम क्वार्टरमधून धावत आल्या तेव्हा डबा निम्मा वापरून झाला होता. साडेसहाशेच्या जरा खाली ड्रेपवरचा आकडा थांबला आणि पुढच्या पंधरा मिनिटांत हलला नाही.

तिला आम्ही सीपीआरला पाठवलंच. आमच्याकडं रक्त साठवायची सोय नाही आणि ७.८ मधून एवढं गेल्यावर तिला रक्त लागणारच होतं. पण ती गेली ती नाडी ताळ्यावर, दोन्ही हातांत सलाईन आणि कागदावर मिनिटा-मिनिटाची नोंद घेऊन. तिकडच्या डॉक्टरांनी फोनवर पहिलं विचारलं, “किती गेलंय?” आम्ही आकडा सांगितला. दोन दिवसांनी तिची नणंद उरलेलं सामान न्यायला आली, तेव्हा तिनं आमच्या सिस्टरच्या हातात उसाचे दोन दांडे ठेवले.

आता जे मनाला लागलं तेही लिहायला हवं. मोजायला लागल्यावर आमच्या रजिस्टरमधल्या पीपीएचच्या नोंदी वाढल्या. वाढणारच होत्या. आधी त्या बायका ‘नॉर्मल’मध्ये होत्या. पण आढावा बैठकीत वरच्यांनी कागद पुढं ठेवून विचारलं, “तुमच्याकडंच एवढ्या केसेस कशा? काळजी घेत नाही का?” खुलासा मागवला गेला. शेजारी बसलेल्या एका इन्चार्ज सिस्टरनं हळूच मला सांगितलं, “कशाला लिहिता खरं? आमच्याकडं बघा, शून्य.” त्या बाईचा मला राग आला नाही. तिनंही कधीतरी असा खुलासा दिला असणार.

मॅडमनी खुलासा स्वतः लिहिला. त्यात त्यांनी दोन गोष्टी मांडल्या. पहिली, मोजलं की सापडतं, आणि आफ्रिकेतल्या त्या रुग्णालयांतही मोजणाऱ्यांकडं पीपीएच झालेल्यांपैकी जास्त जणी सापडल्या होत्या. त्यामुळे आमच्याकडं बघायचं तर १००० मिलीच्या वर किती गेल्या आणि किती जणींना रक्त लागलं ते बघा. दुसरी, आमची बाळंतपणं इतकी थोडी आहेत की आमच्या आकड्यांवरून हे चांगलं की वाईट हे सिद्ध होत नाही. सिद्ध व्हायचं ते दोन लाख बायकांवर झालेलं आहे, आम्हाला ते फक्त नीट करायचं आहे. दुसरं वाचून मी आधी थोडी नाराज झाले होते. इतकं केलं आणि म्हणे सिद्ध होत नाही. मग समजलं की खरा आदर तोच आहे. प्रत्येक दवाखान्यानं आपल्या पाच-पन्नास केसवरून संशोधन बरोबर की चूक ठरवायला घेतलं तर कुठलंच उत्तर कधी खेड्यात पोचणार नाही. आणि खरं लिहिणाऱ्याला खुलासा आणि शून्य लिहिणाऱ्याला शाबासकी मिळत राहिली, तर ड्रेप फुकट वाटले तरी रकान्यात ‘नॉर्मल’च येत राहील. मला या सगळ्या कामात पैशापेक्षा, औषधापेक्षा याच गोष्टीची धास्ती वाटते.

संशोधनातून ‘नाही’ असं उत्तर येतं, तेही आम्हाला लवकर कळायला हवं. अंगात रक्त कमी असलेल्या बायकांना बाळंत झाल्या झाल्या, रक्तस्राव सुरू व्हायच्या आधीच ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड दिलं तर पीपीएच टळेल का, असं आम्हालाही वाटत होतं. पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया आणि झांबियातल्या १५,०६८ बायकांवर हे बघितलं गेलं आणि २०२३ साली उत्तर आलं: टळत नाही. ऊसतोडीच्या बायकांसाठी शॉर्टकट नाही. त्यांचं रक्त बाळंतपणाआधीच वाढायला हवं. त्यासाठी टोळ्या नोव्हेंबरात उतरल्या की आशांनी कोप्यांवर जाऊन गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन तपासायला हवं आणि लागेल तिला शिरेतून लोह द्यायला हवं. बाई म्हणते, आज खाडा केला तर मुकादम पैसे कापतो. म्हणून आमच्या दोन आशा कोयता थांबल्यावर, संध्याकाळी चुली पेटायच्या वेळी जातात. या बायकांबद्दल लिहायला एक स्वतंत्र लेख लागेल.

ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जगभरातल्या प्रसूतितज्ज्ञ आणि सुईणींच्या संघटनांबरोबर नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात रक्त मोजायला ड्रेप आहे, सगळे उपचार एकदम करायचे हे आहे आणि ३०० मिलीला नाडी-बीपी बिघडलं असेल तर पाचशेची वाट बघू नका हेही आहे. मॅडमनी त्याचं एक पान मराठीत करून लेबर रूमच्या भिंतीवर लावलं. शेजारच्या दोन प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या सिस्टरांनी ते मागून नेलं आणि त्यांच्या मेडिकल ऑफिसरकडून तशाच प्रोटोकॉलवर सह्या घेण्याच्या मागे त्या लागल्या आहेत. एकीची सही झाली, दुसरीची अडकली आहे.

ड्रेप जिल्ह्याच्या नियमित पुरवठ्याच्या यादीत यावा म्हणून आम्ही प्रस्ताव पाठवला आहे. सोबत आमच्या नोंदींच्या प्रती जोडल्या आहेत, वाढलेल्या आकड्यांसकट. उत्तर यायचं आहे. कपाटातले ड्रेप उन्हाळ्यापर्यंत पुरतील, म्हणून रुग्ण कल्याण समितीच्या येत्या सभेसाठी मी आत्ताच दरपत्रकं मागवून ठेवली आहेत.